एलएस -यू१, एफडी, ईझा : चौदा लाख फायलींच्या एकाच फोल्डरवर तीन महिने वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मुख्यतः एलएसचा आहे. हो, तोच जुना एलएस, फोल्डरमधल्या फायलींची यादी दाखवणारा, जो १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये पण आहे आणि लिनक्सवर काम करणारा प्रत्येक माणूस दिवसातून पन्नास वेळा टाइप करतो. सोबत एफडी (नावावरून फायली शोधणारं) आणि ईझा (एलएससारखीच पण नटवलेली यादी देणारं) ही दोन नवी टूल्स पण वापरली, त्यांच्याबद्दलही लिहिते. तिन्ही फुकट आहेत त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही, प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ आमचा भरपूर गेला म्हणून हे लिहायला बसलेय. कमांड देवनागरीत लिहितेय, तुम्ही टाइप करताना कुठलं अक्षर कॅपिटल आहे ते मात्र नीट बघा, पुढे कळेलच का ते.

आमचं काम म्हणजे जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन करून नीट लावून ठेवायची. जुन्या दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात, रुमाल म्हणजे खराखुरा कापडाचा, आणि एकेका रुमालात शेकड्यांनी कागद. स्कॅनिंग बाहेरच्या एका एजन्सीला दिलेलं. स्कॅन चांगले केले त्यांनी, फोकस छान, शाई आणि कागदाचा रंग छान, पण डिस्क हातात आली तेव्हा सगळ्या रुमालांची सगळी पानं एकाच फोल्डरमध्ये ओतलेली. दीड हजाराच्या वर रुमाल, सब-फोल्डर एकही नाही. नावं मात्र शिस्तीत होती, आरएम_०४१२_०००१८७_ए_३००.जेपीजी अशी, म्हणजे रुमाल ४१२, पान १८७, पुढची बाजू, ३०० डीपीआय. त्या नावांनीच शेवटी वाचवलं.

डिस्क ऑफिसातल्या जुन्या मशीनला लावली, साधी फिरणारी डिस्क, ईएक्सटी४ (लिनक्स डिस्कवर फायली ज्या पद्धतीने मांडतं ती), चार जीबी रॅम, उबुंटू लिनक्स. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडला तर नुसतं गोल फिरत बसलं, दहा मिनिटांनी मीच बंद केलं. मग टर्मिनल उघडून सवयीप्रमाणे एलएल, म्हणजे साइज-तारखांसकट यादी, मारलं आणि कर्सर लुकलुकत बसला. एक ओळ नाही, एरर नाही, काही नाही. मला वाटलं डिस्क गेली. मागे खुर्चीत आमचे मोडी वाचणारे काका बसलेले, सत्तरी ओलांडलेले, चष्मा कपाळावर, म्हणाले, "अगं, मला सगळं नको, त्या ४१२ नंबरच्या रुमालाची पहिली दहा पानं दाखव फक्त." दहा पानं. आणि मशीन चौदा लाख फायलींची मोजदाद करत बसलेलं. मी कंट्रोल सी मारून ते थांबवलं आणि काकांना म्हटलं उद्या या. त्यांना उद्या या म्हणताना मला खरंच वाईट वाटलं, ते बसने येतात.

त्या रात्री घरी बसून एलएस नक्की करतो काय हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं आणि तिथेच सगळा उलगडा झाला. आपण म्हणतो "फोल्डर मोठा आहे म्हणून स्लो आहे". तसं नाहीये. नावं वाचणं हे काम मुळात हलकं आहे. एलएस त्याच्यावर आपल्यासाठी तीन-चार कामं आणखी करतो, न सांगता करतो, आणि वेळ त्यात जातो.

पहिलं काम सॉर्टिंग. एलएस नावं अकारविल्हे लावून देतो, म्हणजे शेवटचं नाव हातात आल्याशिवाय पहिलं नाव कुठलं हे त्याला कळूच शकत नाही, म्हणून सगळी चौदा लाख नावं मेमरीत गोळा होईपर्यंत स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. कर्सर लुकलुकतो तो याच्यामुळे. शिवाय तुलना भाषेच्या नियमांनी होते, लोकॅल ज्याला म्हणतात ते, ती साध्या बाइटच्या तुलनेपेक्षा बरीच महाग. सॉर्टिंग हवंच असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावून बघा, फरक पडतो, फक्त मग कॅपिटल अक्षरं सगळी आधी येतात. वर स्क्रीनवर कॉलममध्ये मांडायचं म्हणून प्रत्येक नावाची रुंदी पण मोजतो.

दुसरं काम स्टॅट, म्हणजे एकेका फाइलची माहिती मागवणं, आणि हे खरं दुखणं. एलएस -एल म्हटलं की प्रत्येक फाइलची साइज, मालक, तारीख लागते, आणि ही माहिती फोल्डरच्या यादीत नसते, ती आयनोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीच्या नोंदीत असते, डिस्कवर दुसरीकडे. मतदार यादी हातात घेऊन नावं वाचणं वेगळं आणि यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन दार वाजवून वय विचारणं वेगळं. साधा एलएस यादी वाचतो, एलएस -एल दारोदार फिरतो. फिरणाऱ्या डिस्कवर ती दारं पण एका गल्लीत नसतात, कारण ईएक्सटी४ मोठ्या फोल्डरमध्ये नावं हॅशच्या (नावावरून गणित करून काढलेल्या आकड्याच्या) क्रमाने ठेवतं, त्या क्रमाने आयनोड वाचायला गेलं की डिस्कचं डोकं इकडून तिकडे नुसतं पळत राहतं. फोल्डर नेटवर्कवर असेल तर आणखी वाईट.

तिसरी गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. रंग. उबुंटूत साधं एलएस टाइप केलं तरी ते साधं नसतं, बॅशच्या (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचा एलियास, म्हणजे टोपणनाव, असतो, एलएस --कलर=ऑटो. आता फाइल हिरवी दाखवायची की पांढरी हे ठरवायला ती एक्झिक्युटेबल (प्रोग्रॅमसारखी चालवता येणारी) आहे का ते बघावं लागतं, आणि ते बघायला परत स्टॅट. म्हणजे तुम्ही -एल दिलं नाही तरी रंगापायी घरोघर फेरी झालीच. पूर्वी तर याच्या पुढे जाऊन प्रत्येक फाइलला खास कॅपेबिलिटी (जादा अधिकार) दिलीय का हे पण रंगासाठी तपासलं जायचं, कोअरयुटिल्स (एलएस ज्यात येतो तो संच) ९.१ मध्ये २०२२ ला ते डिफॉल्टमधून काढलं आणि कारण दिलं की फाइलमागे साधारण ३० टक्के काम त्यानेच वाढतं. तुमचं मशीन जुनं असेल तर हे पण लक्षात ठेवा.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही, एसट्रेस -सी लावून बघितलं. एसट्रेस म्हणजे प्रोग्रॅम कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) किती वेळा हाक मारतो ते मोजून सांगणारं टूल. कलरवाल्या एलएसमध्ये स्टॅटच्या ओळीसमोर चौदा लाखांच्या वरचा आकडा. आणि नावं वाचायच्या गेटडेंट्स६४ समोर? दोन हजाराच्या आसपास. हिशोब पण जुळतो, एका खेपेत ३२ केबीचा बफर भरून येतो, आमच्या २४ अक्षरी नावाला त्यात ४८ बाइट लागतात, म्हणजे एका खेपेत ६८२ नावं. दोन हजार खेपांत सगळी यादी घरात येते आणि उरलेल्या चौदा लाख खेपा कशासाठी तर रंगासाठी. ते दोन आकडे एकाखाली एक बघितले आणि मला सगळं कळलं.

तर आता उपाय. एलएस -यू१. यू कॅपिटल, एक म्हणजे आकडा एक. कॅपिटल यू म्हणजे सॉर्ट करू नको, आहे त्या क्रमाने दे. एक म्हणजे एका ओळीत एक नाव. हे दोन एकत्र दिले की जीएनयूच्या एलएसमध्ये (लिनक्सवर सहसा हाच असतो) एक खास रस्ता उघडतो, नाव वाचलं की लगेच छापायचं, काही साठवायचं नाही. सोर्स कोडमध्ये तिथे कॉमेंटच आहे की फोल्डरमध्ये लाखो नोंदी असतील तेव्हा याचा उपयोग. म्हणजे कोणीतरी आपल्यासारख्याच अडकलेल्या माणसाचा विचार करून ते लिहून ठेवलंय आणि वर्षानुवर्षं ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर पडून आहे, ही गोष्ट मला फार आवडली. कलरचा एलियास टाळायला आधी बॅकस्लॅश द्यायचा, \एलएस -यू१, किंवा पुढे पाइप (| ही खूण, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी) लावायचा, पाइप लावला की कलर=ऑटो आपोआप बंद होतो.

आमच्या मशीनवर अनुभव असा. मशीन नुकतं चालू केलेलं, कॅश (आधी वाचलेलं रॅममध्ये ठेवायची जागा) रिकामी, \एलएस -यू१ मारलं की पहिली नावं लगेच, म्हणजे एंटर दाबायच्या आवाजाबरोबर. पूर्ण यादी फाइलमध्ये उतरायला पाऊण मिनिटाच्या आसपास, कारण त्या फोल्डरची नुसती यादीच एलएस -एलडी ने बघितली तर सहा कोटी बाइटची होती आणि डिस्क जुनी. दुसऱ्यांदा तीच कमांड दोन सेकंदांच्या आत, कारण यादी आता रॅममध्ये. तुम्ही टेस्ट करत असाल तर हे विसरू नका, दुसऱ्या वेळेचं टायमिंग बघून "अमुक टूल फास्ट" म्हणू नका, पहिल्या टूलने तुमच्यासाठी कॅश भरून ठेवलेली असते. खरी तुलना करायची तर प्रत्येक वेळी ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करायची, त्याला रूटचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार लागतात. आणि एलएस -एल? पहिल्या वेळी ती कमांड संपेपर्यंत मी चहा करून, पिऊन, कप धुऊन आले होते.

आता यातल्या खोड्या, कारण आहेत.

लहान यू देऊ नका. लहान यू म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली त्या वेळेनुसार सॉर्ट कर. म्हणजे स्टॅट पण आलं आणि सॉर्टिंग पण आलं, नेमकं जे नको ते सगळं. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा अर्धा तास बसून होता, "ताई, तुम्ही सांगितलेली कमांड पण स्लोच आहे हो", जाऊन बघितलं तर लहान यू. एका शिफ्टच्या बटणाचा फरक.

एलएस -एफ पण चालतं, एफ लहान, त्यातही सॉर्टिंग नाही, टाइप करायला सोपं. पण -एफ लपलेल्या नोंदीसुद्धा देतं, म्हणजे सुरुवातीचे ते एक टिंब आणि दोन टिंबं, हा फोल्डर आणि वरचा फोल्डर, ते पण यादीत येतात. यावरून आमच्याकडे एक दुपार गेली. एजन्सीच्या शीटवर आकडा १४,०२,३१६. मी एलएस -एफ | डब्ल्यूसी -एल (डब्ल्यूसी -एल ओळी मोजतं) मारलं, आला १४,०२,३१८. दोन जास्त. आता कागदपत्रांच्या कामात दोन पानं कमी असली तर रडू येतं आणि दोन जास्त असली तर भीती वाटते, कारण मग कुठेतरी डुप्लिकेट आहे किंवा एका रुमालातलं दुसऱ्यात गेलंय. काका आणि मी डिलिव्हरीचे कागद घेऊन रुमालवार बेरजा करत बसलो, चार वाजेपर्यंत. आणि ती दोन पानं म्हणजे ती टिंबं. मोजायचं असेल तर एलएस -यू | डब्ल्यूसी -एल करा, -एफ केलं तर दोन वजा करा, भिंतीवर लिहून ठेवलंय आम्ही. (नावातच नवीन ओळ असेल तर हा आकडा चुकतो, स्कॅनरच्या फायलींत तसं होत नाही पण लोकांनी हाताने दिलेल्या नावांत काहीही होऊ शकतं.)

तिसरी खोडी काकांच्या दहा पानांची. दुसऱ्या दिवशी ते आले, मी मोठ्या उत्साहाने एलएस -यू१ | हेड (हेड पहिल्या दहा ओळी दाखवतं) मारलं, झटकन दहा नावं आली आणि काका वाकून बघतात तर रुमाल ९११ पान ४०, रुमाल १७ पान ६०२, रुमाल ४१२ चं एकही नाही. मघाशी म्हटलं तसं हॅशचा क्रम, आपल्या दृष्टीने तो पत्ते पिसल्यासारखाच. आणि हे सांगितलंच पाहिजे, -यू म्हणजे "ज्या क्रमाने फायली टाकल्या त्या क्रमाने" असं पुष्कळ जणांना वाटतं, ते ईएक्सटी४ वर खरं नाही.

मग बरोबर काय? आधी गाळा, मग लावा. एलएस -यू१ | ग्रेप '^आरएम_०४१२_' | सॉर्ट | हेड. चौदा लाखांतून ग्रेपने रुमाल ४१२ ची नऊशे-साडेनऊशे नावं काढली आणि सॉर्टला तेवढीच लावायला दिली, ते तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. काकांना पान एक ते दहा क्रमाने मिळाली. चष्मा कपाळावरून नाकावर आला, म्हणाले "हां, हे बघ, इथे तारीख आहे", आणि नंतरचा दीड तास ते आणि तो रुमाल.

हेच काम एलएस -यू आरएम_०४१२_* असं करू नका मात्र. दिसायला तेच वाटतं पण तो स्टार एलएसपर्यंत पोचतच नाही, बॅश आधी स्वतः सगळा फोल्डर वाचतो, जुळणारी नावं काढतो, स्वतः सॉर्ट करतो आणि मग एलएसच्या हातात देतो, म्हणजे तुमचं -यू वाया. वर एलएसला ती नावं आहेत की नाहीत हे बघायला एकेकाचं स्टॅट करावं लागतं. आणि नावं फार झाली तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग". हा एरर एलएसचा नाही, फायली पुसणाऱ्या आरएम कमांडचाही नाही, कर्नल एका कमांडला जेवढा मजकूर देऊ देतो त्याची मर्यादा संपली, साधारण दोन एमबी, गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स ने बघता येते. आमच्या नावांच्या लांबीला ती पन्नास-साठ हजार फायलींतच भरते. टॅबचं बटण पण जपून. अर्धवट नाव टाइप करून सवयीने टॅब दाबला की बॅश परत अख्खा फोल्डर वाचायला जातो आणि शेवटी विचारतो इतके लाख पर्याय दाखवू का.

फाइंड या फायली शोधायच्या कमांडबद्दल थोडक्यात. फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -नेम 'आरएम_०४१२_*', नाव अवतरण चिन्हात टाकायचं म्हणजे बॅश त्याला हात लावत नाही. सॉर्ट करत नाही, रंग नाहीत, भरवशाचं. पुसायचं असेल तर शेवटी -डिलीट, पण आधी त्याच्याशिवाय चालवून यादी डोळ्यांनी बघा, आणि -डिलीट शेवटीच लिहा, आधी लिहिलं तर -नेमची अट बघायच्या आतच पुसायला लागतं. कागद परत स्कॅन करायला मिळेलच असं नसतं.

आता एफडी. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं टूल, डेव्हिड पीटर यांचं, २०१७ पासून आहे. उबुंटूवर इन्स्टॉल केलंत तर कमांडचं नाव एफडीफाइंड आहे, एफडी नाही, कारण ते नाव आधीच दुसऱ्या पॅकेजने घेतलेलं, त्यामुळे "इन्स्टॉल केलं पण सापडत नाही" असं म्हणून घाबरू नका. वापरायला मला फार आवडलं. एफडी '^आरएम_०४१२_' एवढंच, फाइंडसारखी वाक्यं लिहायला नकोत. खूप सब-फोल्डर असलेल्या झाडावर ते फाइंडला मागे टाकतं कारण वेगवेगळे फोल्डर वेगवेगळ्या थ्रेडना (एकाच वेळी काम करणाऱ्या हातांना) वाटून देतं, माझ्या घरच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचे हजारो फोल्डर आहेत तिथे मी आता एफडीच वापरते. पण आमचा प्रश्न एकाच फोल्डरचा होता. एक फोल्डर म्हणजे एकच रांग, आठ थ्रेड असले तरी सात उभे राहणार. तिथे एलएस -यू१ पेक्षा ते फास्ट वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

एफडीने एकदा मला चांगलंच घाबरवलं ते पण सांगते. आमच्या स्क्रिप्ट्स गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) आहेत, त्याचा रेपो, म्हणजे साठा, वरच्याच फोल्डरमध्ये, आणि फोटो चुकून त्यात कमिट होऊ नयेत म्हणून गिटइग्नोर या वगळायच्या यादीत *.जेपीजी टाकलेलं. एफडी मारलं, उत्तर शून्य. एकही फाइल नाही. काळजात धस्स झालं, आदल्या संध्याकाळीच त्या नवीन मुलाने काही तरी पुसायची स्क्रिप्ट चालवली होती. फाइल कुठे गेल्या नव्हत्या, एफडी मुळात गिटइग्नोर पाळतं आणि लपलेल्या फायली दाखवत नाही, प्रोग्रॅमरच्या सोयीचं आहे ते, आमच्या नाही. कॅपिटल आय दिलं की गिटइग्नोर बघत नाही, लहान यू दिलं की लपलेलं पण सगळं दाखवतं. हो, इथे लहान यू चांगला आणि एलएसमध्ये वाईट. ज्याला फायलींची मोजणी करायची आहे त्याने एफडी कधीही नुसतं चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ईझा. आधी एक्झा होतं, ते सांभाळणं बंद झालं, २०२३ पासून त्याचा हा फोर्क (त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) चालतो. सुंदर दिसतं, आयकॉन, रंग, गिटची स्थिती, सगळं. शंभर-दोनशे फायलींच्या फोल्डरमध्ये बघायला छान वाटतं. पण ते सगळं सौंदर्य येतं कुठून तर प्रत्येक फाइलची माहिती काढूनच, म्हणजे घरोघर फेरी. चौदा लाखांवर मी एकदाच चालवलं आणि थांबवलं. वाईट टूल नाही, चुकीच्या जागी नेलं होतं.

विंडोजवाल्यांसाठी दोन ओळी. ऑफिसात एक मशीन विंडोज आहे, तिथे एक्सप्लोररने मोठा फोल्डर उघडू नका, सीएमडीमध्ये डिर /बी वापरा, फक्त नावं देतं आणि चांगलं पळतं. पॉवरशेलचं गेट-चाइल्डआयटम प्रत्येक फाइलचा एक ऑब्जेक्ट बनवतं म्हणून लाखांच्या वर जड होतं. पायथनमध्ये ओएस.लिस्टडिर करून मग प्रत्येकावर इझफाइल विचारत असाल तर ३.५ पासून स्कॅनडिर आहे, ते एकेक नोंद हातात देतं आणि फाइल आहे की फोल्डर हे बहुतेक वेळा स्टॅटशिवाय सांगतं. फक्त साइज हवी असेल, शून्य बाइटची फाइल शोधायची असेल, तर कुठल्याच टूलमध्ये पळवाट नाही, दारं वाजवावीच लागतात. ते काम आम्ही रात्री लावून घरी जातो.

तर मार्क द्यायचे तर एलएस -यू१ ला पाचपैकी पाच, जे हवं तेवढंच करतं आणि ते जवळजवळ कुठल्याही लिनक्स मशीनवर आधीपासून असतं, काही इन्स्टॉल करायची परवानगी मागायला नको. अर्थात हे जीएनयूच्या एलएसबद्दल. एफडीला साडेतीन, झाडासाठी साडेचार. ईझाला या कामापुरते दीड.

आणि शेवटी आम्ही फोल्डर फोडलाच, रुमालवार. एवढी नावं एकत्र ठेवायची गरजच नव्हती. चालू फोल्डर वाचता वाचता त्यातल्याच फायली हलवणं बरोबर नाही, एखादी सुटते की काय कळत नाही, म्हणून आधी एलएस -यू१ ची यादी दुसऱ्या डिस्कवर एका फाइलमध्ये घेतली, मोजली, १४,०२,३१६, बरोबर, आणि मग ती यादी वाचून पायथनने एकेक फाइल आपापल्या रुमालाच्या फोल्डरमध्ये. एकाच डिस्कवर हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं, फोटो जागचा हलत नाही, त्यामुळे वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झालं. हलवून झाल्यावर सगळ्या फोल्डरांची परत मोजणी, काका शेजारी बसून आकडे वहीत लिहून घेत होते.

इथे एक चूक झाली ती तुम्ही करू नका. रुमालांचे फोल्डर आम्ही त्याच मोठ्या फोल्डरच्या आत बनवले. आता आत फक्त दीड हजार फोल्डर, तरी मशीन नुकतं चालू केल्यावर एलएस मारलं की परत तोच लुकलुकणारा कर्सर. एलएस -एलडी ने बघितलं तर फोल्डरची साइज अजूनही सहा कोटी बाइट. ईएक्सटी४ मध्ये फायली गेल्या तरी फोल्डरची यादी आखडत नाही, रिकामी पानं तशीच राहतात आणि एलएसला ती सगळी उलटावी लागतात. मग शेजारी नवा फोल्डर केला, दीड हजार रुमाल त्यात हलवले, जुना रिकामा झाल्याची दोनदा खात्री केली आणि आरएमडिर मारून तो पुसला. आता काका स्वतः येऊन बसतात, सीडी ०४१२ मारून त्या रुमालाच्या फोल्डरमध्ये जातात, मग साधं एलएस, रंगांसकट, आणि पान एक सगळ्यात वर असतं.